वास न येणारी दारू

हनुवटी इथं टेकवा. कपाळ पट्टीला.
पापणी हलवू नका, हिरव्या ठिपक्याकडे बघा.
दिवसातून साठ वेळा मी हेच म्हणते
परभणीच्या दोन नंबरच्या खोलीत,
पडदा ओढून, पंखा बंद ठेवून.
साखरेचे डोळे आता झोपेतही ओळखेन:
लाल टिपके, पिवळी कणी,
पुढचा नंबर.

विश्वंभर आला तेव्हा सव्वाबारा झालेले.
सोळावं सरलेलं. मानवतहून, आईसोबत.
चिठ्ठीवर एवढंच, की अंधार पडला की धडपडतो.
आधी दोघांनी चष्मा दिलेला,
एकानं गाजरं.

थेंब टाकले. बाहुल्या पसरल्या.
उजेड झपकन उडाला,
आणि समोर जे उमटलं
ते सात वर्षांत मी पाहिलं नव्हतं.

निरोगी डोळ्याचा तळ
तापल्या खापराच्या रंगाचा असतो.
याचा रंग कडेकडेनं निघून गेलेला,
उन्हाळ्यातल्या दुधनेसारखी नुसती पांढुरकी वाळू,
आणि मधोमध बेट,
कुरतडल्या काठांचं, अजून ओल धरलेलं,
ज्यावर उभं राहून हा पोरगा
फळ्यावरचं वाचतो.

वायकोस मॅडम आल्या, खुर्चीत बसल्याच नाहीत.
म्हणाल्या, आईचाही काढ.

"मला काय झालंय? मी सुईत दोरा ववते."
तरी सागरबाईंनी हनुवटी टेकवली.
त्यांच्या खापरावर
कुणी पिठाचा हात झटकावा
तसे बारीक शिंतोडे.
नजर मात्र धडधाकट.

मॅडम हळू बोलल्या.
हे आईकडून येतं, आईला फारसं त्रास देत नाही.
तुमच्या वडिलांना दिसायचं नीट?

सागरबाई पंख्याकडे बघत राहिल्या.
पंखा बंदच होता.

"मव्हा बाप जिनिंगवर होता.
दिवसाच्या पाळीला त्याच्यासारखा गडी नव्हता.
रातच्या पाळीला गठाणीला धडकायचा,
सरकीच्या ढिगात पडायचा.
मुकादमानं पिऊन येतो म्हून काढला.
आन् मव्हा माय रोज रातच्याला
त्याच्या तोंडाचा वास घ्यायची.
वास येत नव्हता.
म्हणायची, ही कोणती दारू रं,
जिचा वासबी येत नाही?
तो काईच बोलायचा नाही.
पहिल्यांदा शपथा घ्यायचा, मग त्याबी सोडल्या."

मॅडम पुढचं सांगत होत्या:
हैदराबादला रक्त पाठवू,
रात्री मोटारसायकल नको,
धाकट्या मुलीलाही एकदा घेऊन या.
पोरगा ऐकत होता, सगळं,
ओठ आत घेऊन.
बाईंच्या कानाशी काही पोचत नव्हतं.

"म्हंजी तो पेत नव्हता,"
त्या म्हणाल्या.
विचारलं नाही. म्हणाल्या.

मी पोराचा फोटो छापून फाइलला लावला.
त्या हलेनात.
मह्या डोळ्याचाबी द्या.
लाल शाई संपत आलेली,
कागदावर तो डोळा विटक्या विटेसारखा उतरला.
मी म्हटलं, चांगला नाही आला.
त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला,
ओला असल्यासारखा.

"आज मानवतला उतरायचं नाही,"
त्या पोराला म्हणाल्या.
"फुडं पाथरीला जायचं.
आजी हाय अजून."

दारात ऊन इतकं होतं
की पसरल्या बाहुल्यांचा विश्वंभर थबकला.
आईच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला,
आणि दोघं पायऱ्या मोजत उतरले,
भर दुपारी.

मी बोळा भिजवला, हनुवटीची पट्टी पुसली.
स्पिरिटचा वास खोलीभर झाला.
पुढचा नंबर मी लगेच पुकारला नाही.